नळी साफ होती

“पण माझं चुकलं कुठं, वस्ताद? तेवढंच सांगा.”

वस्ताद बाज विणत बसले होते. सुंभाचं टोक पायाच्या अंगठ्यात धरलेलं. त्यांनी मान वर केली नाही.

“वस्ताद...”

“ऐकतोय.”

“मग बोला की.”

“दोरी आवळू दे. सैल राहिली तर निजणाऱ्याची पाठ धरती.”

हिंदुराव खराडे उंबऱ्याशी बसून राहिला. दुपार कलली होती. पुढ्यात त्याची पत्र्याची पेटी होती, ती डोईवर घेऊन तो भर उन्हातून चालत आला होता. अंगरख्याला घामाचे डाग पडले होते. दाढी वाढली होती. गावात एरवी हा माणूस परटाकडच्या कपड्यांशिवाय कुणाला दिसला नव्हता.

वस्तादांचं नाव कासम नदाफ. संस्थान होतं तेव्हा ते शिकारखान्यात काडतुसं भरायचे. रायफलीची, रिव्हॉल्व्हरची, येतील ती. उडालेल्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी घ्यायची, बुडाला नवी टोपी बसवायची, आत दारू तोलून घालायची, वरून गोळी दाबून तोंड बंद करायचं. सांगायला एवढंच. पुढं संस्थान विलीन झालं. शिकारखान्याला कुलूप लागलं. वस्ताद गावाबाहेर पिराजवळच्या दोन खणांच्या घरात येऊन राहिले. बायको आधीच गेली होती. मागं कुणी नव्हतं.

हिंदुराव त्यांच्याकडेच शिकला. हात चांगला होता. डोकंही चांगलं होतं. तालुक्याला इंग्रजी शाळेत गेलेला, पुस्तकं मागवून वाचायचा. शिकून झाल्यावर त्यानं घरच्या माडीवर स्वतःची खोली केली. बंदुकीचे परवाने असलेले लोक लांबलांबून रिकाम्या पुंगळ्या घेऊन यायचे. कारखान्याच्या काडतुसापेक्षा हिंदुरावचं काडतूस नेमकं जातं म्हणायचे.

त्यालाही ते खरं वाटायला लागलं.

एकदा बाजारात, चहाच्या दुकानात, चार माणसांत तो म्हणाला होता, “वस्ताद आता थकले. हात थरथरतो त्यांचा. भरलेलं घेऊ नका त्यांच्याकडनं.”

ते वस्तादांच्या कानावर गेलं.  हळूहळू त्यांच्याकडं येणारी माणसं बंद झाली. त्यानंतर हिंदुरावही त्या घराकडं फिरकला नव्हता.

तो आज आला होता.

वस्तादांनी सुंभाला गाठ मारली. मग विचारलं,

“जोती कसा हाय?”

हिंदुरावनं खाली बघितलं.

जोतिराम हा त्याचा धाकटा भाऊ. शेत तोच बघायचा. थंडीत रानडुकरांनी उसात धुमाकूळ घातला. रात्रीत सरीच्या सरी आडव्या व्हायच्या. जोतिरामनं घरची रायफल घेतली आणि माडीवरच्या खोलीतून काडतुसं घेतली. निघताना बायको म्हणाली, सांभाळून. तर तो हसून म्हणाला, “दादाच्या हातचं काडतूस हाय. भ्यायचं काय त्यात?”

तांबडं फुटायला आवाज आला.

हिंदुराव अंगणात तोंड धूत होता. तो आवाज नेहमीचा नव्हता. गोळी सुटल्याचा आवाज पुढं जातो. हा तिथंच फुटला.

हातातला तांब्या टाकून तो बांधाकडं पळाला.

डुक्कर निघून गेलं होतं. जोतिराम बांधावर बसला होता. रायफलीचा दस्ता एकीकडं पडला होता, नळी केळीच्या सालासारखी फाकली होती. जोतिराम आपल्या हातांकडं बघत होता. आपले नव्हेतच, असं बघत होता.

दवाखान्यात डावा हात मनगटातून काढावा लागला. उजव्याचा अंगठा आणि दोन बोटं गेली. राहिलेली दोन वाकत नव्हती.

शुद्धीवर आल्यावर जोतिरामनं पहिल्यांदा भावाकडं बघितलं. आणि भाऊ पहिलं वाक्य बोलला ते असं :

“नळीत बघितलं न्हवतंस का? वढा ओलांडून गेला होतास. चिखल शिरला असंल.”

जोतिरामनं तोंड भिंतीकडं केलं. त्या दिवसापासून तो भावाशी बोलला नव्हता.

“जोती कसा हाय, विचारलं मी.”

“बरा हाय.”

“बरा म्हंजे?”

“जखमा भरल्या.”

 हिंदुरावनं पेटी पुढं सरकवली. झाकण उघडलं. आत पुंगळ्या वेगळ्या, गोळ्या वेगळ्या, कागदाच्या पुड्यांत दारू वेगळी, असं सगळं नीट लावलेलं होतं.

“ही बघा. त्याच दिवशी भरलेली. उरलेली सगळी मी उघडली. एकेक उघडून तोललं. एका दाण्याचा फरक न्हाई कशात.”

“कशातच?”

“कशातच.”

“मग बरोबर हायत.”

“तेच की! तेच म्हणतोय मी. सगळी बरोबर असताना एकच कसं चुकंल? माझा हात एका दिवसात बदलतो व्हय?” बोलता बोलता त्याचा आवाज चढला. “तुम्ही एवढी वर्षं हे काम केलंय. तुम्ही एकदा सांगा. भरण्यात चूक न्हवती म्हणून सांगा. लोक तुमचं ऐकतील.”

“कोण लोक?”

“... घरातली.”

“त्यांना ऐकवायला आलास?”

हिंदुराव पेटीतल्या पुंगळ्या पुन्हा सारख्या करायला लागला.

“सगळं बरोबर हाय म्हणतोस,” वस्ताद थकल्या आवाजात म्हणाले. “मग तीन कोस उन्हातनं कशाला चालत आलास?”

...

पिरावर कुणीतरी ऊद लावला होता. वास घरात आला आणि गेला.

“बाजारात म्हणालास, माझा हात थरथरतो.”

हिंदुरावचे कान लाल झाले. “... म्हणालो.”

“थरथरतो.” वस्तादांनी हात पुढं धरून दाखवला. “खोटं न्हवतास बोलला.”

मग ते उठून दाराबाहेर गेले, बिडी ओढली. थोटूक मातीत दाबून विझवलं आणि परत येऊन भिंतीला टेकले.

“सामान आणलंयस सगळं?”

“आणलंय.”

“एक भर. माझ्यासमोर.”

हिंदुरावच्या तोंडावर त्या दुपारी पहिल्यांदाच थोडा उजेड आला. त्यानं सोनाराचा बारका काटा काढला. हातानं दाबायचं यंत्र पाटावर पक्कं केलं. पुंगळी घेतली, उजेडात धरून आतून बघितली, फुंकर मारली. टोपी बसवली. बोटं कशी चालत होती! बघणाऱ्याला वाटावं, ह्या माणसाला दुसरं काही येऊच नये.

वस्ताद डोळे मिटून बसले होते.

“हिंदुराव.”

“जी?”

“पाणी दे रे थोडं. घसा कोरडा पडलाय.”

हिंदुराव उठला. रांजण परसात होता. त्यानं पाणी आणून दिलं. वस्ताद सावकाश प्याले. तांब्या परत दिला. विचारलं, यंदा पाण्याला ओढ कशी हाय तुमच्याकडं? हिंदुरावनं सांगितलं, विहिरी खाली गेल्यात. बैल कसे हायत? हायत. तांब्या ठेवून तो परत पाटापाशी बसला. पुंगळीवर गोळी ठेवली, दाब दिला. काडतूस तयार झालं. त्यानं ते पुसून वस्तादांच्या तळहातावर ठेवलं.

वस्तादांनी ते बोटांनी चाचपलं.

“चांगलं झालंय.”

“बघा म्हणजे.”

“दारू कधी घातलीस? पाण्याला उठायच्या आधी का नंतर?”

“आधी.” हिंदुराव चटकन म्हणाला.

“बरं.”

“... आधीच की. आधीच घातली.”

“आणि परत येऊन?”

“परत येऊन कशाला घालीन? परत येऊन गोळी...”

तो थांबला.

त्यानं काट्याकडं बघितलं. काट्याची पारडी रिकामी होती. ती दोन्ही वेळी रिकामीच असणार. दारूच्या डब्याकडं बघितलं. त्यातून एक माप गेलं का दोन, नजरेला कळणार नव्हतं.

“द्या इकडं,” तो म्हणाला. “तोलून बघतो.”

वस्तादांनी मूठ मिटली.

“काटा सांगंल रे. तू सांग.”

हिंदुरावनं डोळे मिटले. पुंगळी आठवत होती. फुंकर आठवत होती. टोपी बसल्याचा बारीक आवाज आठवत होता. तांब्या, रांजण, बैल, विहीर, सगळं आठवत होतं. मधलं तेवढं आठवत नव्हतं. शेकडो वेळा केलेली गोष्ट. आत्ताची कुठली आणि मागची कुठली, सगळ्या एकीत एक मिसळत होत्या.

“सांग.”

“...”

“हिंदुराव.”

“आठवंना मला,” तो अगदी हळू म्हणाला.

वस्तादांनी मूठ उघडली. “घे. उघड आता.”

हिंदुरावनं गोळी उपटली. दारू पारड्यात ओतली. काटा हलला, डुलला, आणि स्थिर राहिला.

“बरोबर हाय!” तो जवळजवळ ओरडला. “बघा वस्ताद! बरोबर हाय! एकच माप!”

“व्हय. बरोबर हाय.”

“मग?”

“पण तुला ठाऊक न्हवतं.”

हिंदुरावचा हात काट्यावरच राहिला.

मग वस्तादांनी विचारलं, “त्या दिवशी कोण आलं होतं तुझ्या खोलीत?”

“कुणी न्हाई. मी कडी लावून बसतो.”

“हाकही न्हाई मारली कुणी?”

हिंदुराव तोंड उघडून न्हाई म्हणणार होता. तोंड तसंच उघडं राहिलं.

माडीचा जिना. जिन्याच्या तळाशी जोतिराम. दादा, ए दादा, चल की जेवायला. गरम भाकरी हाय. मी थांबलोय तुझ्यासाठी. आणि तो वैतागून उठला होता. खाली गेला होता. जोतिरामनं त्या दिवशी आपल्या वाटणीचं लोणी त्याच्या ताटात सरकवलं होतं. जेवून, हात धुऊन, पान खाऊन तो वर गेला होता आणि जिथं सोडलं होतं तिथून पुढं भरायला लागला होता.

जिथं सोडलं होतं, तिथून?

“त्यानं हाक मारली,” तो म्हणाला. “जोत्यानं.”

वस्तादांनी तांब्या बाजूला सरकवला.

“म्हणजे... मीच. माझ्याच हातनं. दारू दोनदा पडली.”

“मी कुठं म्हणालो तसं?”

“मग न्हाई पडली?”

“तसंही न्हाई म्हणालो.”

“मग काय ते सांगा की!” हिंदुरावनं पाटावर मूठ आपटली. काटा कलंडला. “व्हय म्हणा न्हाईतर न्हाई म्हणा! रायफल जुनी होती, तिला चीर असंल. वढ्यात चिखल शिरला असंल. न्हाईतर माझ्या हातनं दोनदा पडली असंल. ह्यातलं एक काहीतरी खरं असंलच की. कुठलं ते सांगा. दोषी म्हणा, चालंल मला. पण सांगा!”

“मला ठाऊक न्हाई.”

“तुम्हाला?”

“मला. आणि तुलाही आता कळायचं न्हाई. ते काडतूस गेलं. त्याच्याबरोबर त्याचा जबाब गेला.”

हिंदुराव रडला नाही. रडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता बसून राहिला, घराचं छत पडलेला माणूस अंगणात बसतो तसा.

“मग मी जगायचं कसं, वस्ताद?”

 वस्तादांनी बाजेची राहिलेली दोरी ओढून घेतली. मग विचारलं,

“जोतीला जेवू कोण घालतं?”

“आक्काताई. त्याची बायको. ती भरवत असंल.”

“असंल?”

“...”

“तू कुठं जेवतोस?”

“वर. माडीवर. ताट वर देतात.”

वस्तादांनी त्याच्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. थकवा मात्र खूप होता, आणि तो सगळा हिंदुरावपायी नव्हता.

“जा,” ते म्हणाले. “ऊन उतरलंय.”

हिंदुराव घरी पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. पेटी त्यानं ओसरीच्या कोपऱ्यात ठेवली. सोप्यात आक्काताई नवऱ्यापुढं ताट घेऊन बसली होती. आमटीत भाकरी कुस्करलेली होती. एक घास ती जोतिरामच्या तोंडात घालत होती, मधूनच पदरानं त्याची हनुवटी पुसत होती. घरात भरवण्याजोगं लेकरू नव्हतं आणि घास भरवायचे ते नवऱ्याला, म्हणून ते बघायला आणखीच अवघड वाटत होतं.

हिंदुराव दारातच उभा राहिला.

“मी भरवतो,” तो म्हणाला.

आक्काताईनं डोईवरचा पदर पुढं ओढला. नवऱ्याकडं बघितलं. जोतिरामनं तोंड भिंतीकडं वळवलं.

ती उठून आत गेली. ताट तिथंच राहिलं.

हिंदुराव भावापुढं बसला. घास केला. पुढं धरला.

जोतिरामनं ओठ मिटून घेतले.

हिंदुरावनं घास धरूनच ठेवला. कोपर भरून आलं. मग खांदा. आमटीचा ओघळ मनगटापर्यंत आला आणि वाळला. आतून भांड्यांचा आवाज येत होता, तोही थांबला. शेवटी त्यानं घास ताटात ठेवला आणि उठला. आक्काताई बाहेर आली, ताट तापवून आणलं. जोतिराम तिच्या हातून जेवला.

दुसऱ्या दिवशी तसंच झालं. पुढंही तसंच होत राहिलं. हिंदुराव माडीवर जेवायचं सोडून खाली येऊन बसायचा. घास धरायचा. जोतिराम भिंतीकडं बघायचा. आक्काताई एकदा म्हणाली, “भावजी, नका त्यास्नी त्रास देऊ. तुमचंबी जेवण राहतंय.” तो म्हणाला, राहू दे.

खोलीला त्यानं कुलूप घातलं होतं. पुंगळ्या घेऊन आलेली माणसं ओसरीवर चहा पिऊन परत जायची. तो त्यांना कारण सांगत नव्हता.

मग उन्हाळी भुईमूग काढायला आला. आक्काताई सकाळीच बायका घेऊन रानात गेली. जाताना दोन माणसांचं जेवण एकाच ताटात वाढून, झाकून गेली. ती मुद्दाम तसं करून गेली का, हे तिलाच माहीत.

दुपार झाली. घरात दोघेच.

हिंदुरावनं ताट आणलं. भाकरी कुस्करली. घास धरला.

जोतिराम भिंतीकडं बघत होता. बघत बघतच तो बोलला. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा. आवाज फुटत नव्हता नीट.

“नळी साफ होती.”

 घासातलं थोडं खाली सांडलं.

“... असंल.”

“असंल न्हवं.” जोतिरामनं मान वळवली. “घरातनं निघताना बघितली. वढा ओलांडल्यावर पुन्हा बघितली. आभाळाकडं धरून बघितली. चांदणी दिसली आतनं मला. तूच शिकवलंयस तसं बघायला. नळी साफ होती, दादा.”

“होती,” हिंदुराव म्हणाला.

“मग?”

“तू मला जेवायला हाक मारली होतीस. काडतुसं भरत होतो तेव्हा. मी मधनंच उठून आलो. परत जाऊन बसलो तेव्हा... दारू आधी घातली होती का न्हाई... आठवत न्हाई, जोत्या. लई आठवून बघितलं. खोटं बोलत न्हाई. आठवतच न्हाई.”

जोतिराम त्याच्याकडं बघत राहिला.

“मी हाक मारली होती?”

“व्हय.”

“म्हणजे मी हाक मारली नसती तर...”

“न्हाई!” हिंदुराव असा ओरडला की दारातली कोंबडी पळाली. “तसं म्हणायचं न्हाई. पुन्हा कधी म्हणायचं न्हाई. ताट वाढून बोलावलंस तू. तुझं काय चुकलं? हात माझे होते.”

त्यानं तोंडानं हात हा शब्द काढला आणि जोतिरामच्या मांडीवर पडलेल्या त्या दोन गोष्टींकडं बघितलं. एक मनगटाशी संपलेली. दुसरीला दोन बोटं. दवाखान्यानंतर त्यानं तिकडं सरळ असं बघितलंच नव्हतं. आता नजर काढता येईना.

“दवाखान्यात मी तुला ते बोलायला नको होतं,” तो म्हणाला.

“न्हवतं पायजे.”

“...”

“हात गेल्याचं दुखलं न्हाई तेवढं ते दुखलं,” जोतिराम म्हणाला. “हात तर काय. डुकरानंबी फाडला असता.”

बाहेर ऊन होतं. वाळत घातलेल्या मिरच्यांचा खाट नाकातोंडात येत होता. दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं, आणि दोघांनाही ते मिरच्यांवर ढकलता येण्यासारखं होतं.

मग जोतिरामनं तोंड उघडलं.

हिंदुरावनं घास घातला.

जोतिराम चावायला लागला. गाल फुगला. त्याला ठसका लागला, आमटी नाकात गेली. हिंदुराव घाबरून त्याच्या पाठीवर थापट्या मारायला लागला.

“मोठा झाला,” जोतिराम कसाबसा म्हणाला. “बारीक कर जरा.”

आक्काताई संध्याकाळी घरी आली तेव्हा ताट घासून पालथं घातलेलं होतं. तिनं काही विचारलं नाही.

ज्येष्ठात हिंदुराव पुन्हा वस्तादांकडं गेला. हातात पेटी नव्हती. भाकरी, दही आणि भुईमुगाच्या शेंगा होत्या.

वस्ताद बाजेवर पडले होते. उठले नाहीत. पाय सुजले होते. शेजारची बाई सकाळी तांदळाच्या कण्यांची पातळ कण्हेरी करून ठेवायची, ती तशीच भांड्यात होती.

हिंदुरावनं भाकरी कुस्करून दह्यात कालवली. वस्तादांच्या मानेखाली हात घालून त्यांना टेकवून बसवलं आणि बारीक बारीक घास भरवले. वस्ताद निमूट जेवले. त्यांनी एवढंच विचारलं,

“जोती बोलतो?”

“कधी बोलतो. कधी दोन दोन दिवस न्हाई बोलत. परवा ताट लाथाडलं. आज सकाळी म्हणाला, दाढी कर माझी.”

“केलीस?”

“केली. कापलं एका जागी.”

वस्तादांच्या तोंडावर हसण्यासारखं काहीतरी आलं आणि गेलं.

“झोप लागती?”

“पहाटेला जाग येती. मग आठवत बसतो. आधी का नंतर, आधी का नंतर... मग आक्काताईची चूल पेटल्याचा आवाज येतो, मग उठतो.”

“हं.”

हिंदुरावनं पाणी पाजलं. त्यांना परत आडवं केलं. पायाशी बसला आणि पाय चेपायला लागला. त्या घरात तो शिकायला होता तेव्हाही त्यानं कधी वस्तादांचे पाय चेपले नव्हते.

“एक विचारू, वस्ताद?”

“...”

“शिकारखान्यात पाव्हणे यायचे. कुठल्या कुठल्या संस्थानांतनं. साहेब लोक यायचे. जाताना तुमच्या हातच्या काडतुसांच्या पेट्याच्या पेट्या बरोबर न्यायचे. कोण कुठल्या रानात गेलं, कोण लढाईवर गेलं. सगळी उमर तुम्ही भरलीत. आणि एवढ्या काडतुसांत एकाचंही कधी वावगं झालं न्हाई. एकाचंही न्हाई. हे कसं जमलं तुम्हाला?”

वस्तादांचे डोळे मिटलेले होते. श्वास सावकाश चालला होता. हिंदुरावला वाटलं, झोप लागली. तो पाय चेपत राहिला.

...

“सांगायला कुणी परत आलं न्हाई रे,” वस्ताद म्हणाले.